श्रीमंत, गरीब व आपली मंडळी

वाचन: याकोब 2:1-9, लूक 16:19-31, नहेम्या 5:1-13. वर्ग घेणाऱ्या प्रचारकांनी लेवीय 19:15 व 1 तीमथ्य 6:6-19 हे भागही आधी वाचून ठेवावेत.

भातकुली तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते व आसपासच्या तालुक्यांतून माणसे लोटतात. गावाच्या नावाचा अर्थ वऱ्हाडातील शेतकऱ्यास फोड करून सांगावा लागत नाही. ऋणातून सुटका ही त्याच्या मनीची सर्वांत जुनी इच्छा आहे. प्रभूने शिष्यांस जी प्रार्थना शिकविली तिच्यात, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, मराठी शास्त्रांत 'ऋण' हाच शब्द आला आहे. आपण तो दर रविवारी उच्चारतो. परंतु प्रार्थना आटोपून बाहेर पायरीवर आलो, आणि समोरून ज्याचे आपण देणे लागतो तो मनुष्य येताना दिसला, म्हणजे आपल्या तोंडावर काय भाव उमटतो? तो भाव हाच ह्या पाठाचा विषय आहे. धन चांगले की वाईट हा प्रश्न पुढे येईलच. त्याआधी धनवानाकडे आपण कोणत्या डोळ्यांनी पाहतो हे तपासावयाचे आहे.

आमच्या पाहण्यात असे आले आहे की, आपल्या खेड्यांत श्रीमंतासाठी दोन जिभा राखून ठेवलेल्या असतात. एक समोरची व एक पाठीमागची. चौकात मोटार थांबली की पारावरचे लोक उठून उभे राहतात, कोणी उपरण्याने बाक झाडतो, कोणी चहा सांगावयास धावतो, आणि "बसा ना मालक" असे चार तोंडांतून एकदम निघते. मोटार धुरळा उडवून निघून गेली की तीच तोंडे म्हणतात, "कोनाचं तरी बुडवल्याबिगर असा पैसा होते काय?" थोराघरच्या श्वानालाही सर्व मान देतात, ही म्हण आपल्याच लोकांनी केली, आणि असतील शिते तर जमतील भुते, हीही आपलीच. म्हणजे आपण काय करीत आहो हे आपणांस पक्के ठाऊक आहे.

आता कोणी म्हणेल की, हे जगाचे झाले, मंडळीत असे नसते. अशांनी याकोबाचा दुसरा अध्याय सावकाश वाचावा. सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य व मळक्या वस्त्रांतला मनुष्य हे दोघे बाजारात आलेले नाहीत. ते सभेत आलेले आहेत. एकास चांगली जागा मिळते व दुसऱ्यास उभे राहा किंवा पायाशी बस असे सांगण्यात येते. याकोब ज्यांस हे लिहितो तेही बहुतेक गरीबच लोक होते, ही गोष्ट आमच्या मते ह्या भागाचे मर्म आहे. गरिबाला खाली बसविणारा येथे श्रीमंत नाही. तो दुसरा गरीबच आहे. मंडळीच्या दारात उभा राहून येणाऱ्यास जागा दाखविणारा तो भाऊ, ज्याच्या स्वतःच्या अंगावर कदाचित एकच सदरा होता, तोच हा भेद करतो. याकोब त्यास पुढे विचारतो की, तुम्हांस कोर्टात ओढणारे कोण आहेत? ज्याच्यापुढे तू खुर्ची सरकवितोस तोच ना?

आमच्या मंडळ्यांत खुर्चीचा प्रश्न आहेच. मोठ्या सणाच्या दिवशी पुढे चार खुर्च्या मांडतात व बाकीचे सतरंजीवर बसतात. म्हातारी माणसे, गुडघे दुखणाऱ्या बाया, बाळंतीण, ह्यांच्यासाठी खुर्च्या असतील तर त्यांत प्रेम आहे. पण बहुधा त्या कोणासाठी असतात हे लहान मुलालाही सांगता येते. याहून बारीक गोष्ट हंगामाच्या उपकारस्तुतीच्या सभेतील लिलावाची. पिकाचे पहिले फळ देवापुढे आणावे, मग त्याचा लिलाव करून रक्कम मंडळीच्या कामी लावावी, ही रीत पुष्कळ मंडळ्यांत आहे व ती मुळात सुंदर आहे. परंतु एक भोपळा पाचशे रुपयांवर चढतो, टाळ्या पडतात, बोली बोलणाऱ्याचे नाव दोनदा पुकारले जाते. आणि त्याच वेळी मागल्या रांगेतील विधवेने आणलेली पायलीभर ज्वारी, जी तिच्या घरच्या कणगीतून निघाली आहे, ती शेवटी ढिगात ओतली जाते व कोणाच्या लक्षातही राहात नाही. प्रभू मंदिराच्या भांडारासमोर बसला होता (लूक 21:1-4) तेव्हा त्याने श्रीमंतांची दाने पाहिली, त्यांस नावे ठेविली नाहीत, पण शिष्यांचे लक्ष मात्र त्याने दोन दमड्यांकडे नेले. लिलाव बंद करा असे आम्ही म्हणत नाही. ज्वारी आणणारीचे नावही त्याच आवाजात पुकारा, इतकेच म्हणतो.

हे सर्व समजण्यास आपल्या मुलखात श्रीमंती कशी आली, हे थोडे पाहिले पाहिजे. प्रचारकांनी हा भाग वर्गात विस्ताराने सांगावा, कारण तरुणांस तो ठाऊक नसतो.

1853 साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आले. पुढे 1861 ते 1865 पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध चालले व तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला. त्या गिरण्यांच्या मालकांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर पडली. कापसाचे भाव पूर्वी कधी चढले नव्हते असे चढले. 1867 पर्यंत आगगाडीचा रस्ता अकोला व बडनेऱ्यावरून नागपुरास पोहोचला, आणि वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून मुंबईस जाऊ लागला. त्याच सुमारास जमिनीची मोजणी होऊन शेत खातेदाराच्या नावे लागले. ही मोठी सुधारणा होती; पण तिच्यात एक काटा होता. जे शेत आपले म्हणून कागदावर लागते ते गहाणही टाकता येते व विकलेही जाते. पूर्वीचा सावकार फार तर पिकावर हात टाकी. आता त्याचा हात जमिनीपर्यंत पोहोचला. 1865 मध्ये युद्ध थांबले, कापसाचे भाव कोसळले, आणि भाव चढलेले असताना ज्यांनी लग्नांत व बैलजोड्यांत पैसा ओतला होता व कर्जे काढली होती त्यांचे कागद तसेच राहिले. भाव उतरतो, व्याज उतरत नाही.

त्यात आपल्या पूर्णेच्या खोऱ्याचे दुखणे निराळेच. भातकुली, दर्यापूर व त्याखालचा अकोल्याकडील मुलूख हा खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, कसदार, पण विहीर खणली तर पाणी खारे. ते पिकास दिले तर जमीनच बिघडते व पिण्यास तर बहुतेक ठिकाणी निरुपयोगी. म्हणून येथला शेतकरी आभाळाकडे पाहणारा. मृगात बी घ्यावयाचे, पैसा हाती यावयाचा दिवाळीनंतर कापूस विकल्यावर; मधले महिने कोणीतरी उधार दिल्यावाचून निघत नाहीत. जे कोणी उपदेश करतात की गरीब मनुष्य आळसाने किंवा दारूनेच गरीब होतो, त्यांनी ह्या विहिरींचे एक ओंजळ पाणी तोंडात घेऊन पाहावे. दारूने घरे बुडतात हे आम्ही नाकारीत नाही. पण न पिणाऱ्याचे घरही येथे एका कोरड्या श्रावणाने बुडते.

अशा रीतीने गावात एक माडी उभी राहिली व तिच्याभोवती पुष्कळ झोपड्या. माडीवाल्याविषयी झोपडीवाल्याच्या मनात जे साठले ते कधीकधी उसळले. वऱ्हाडात नव्हे, पण पुणे जिल्ह्यात सुपे येथे 12 मे 1875 रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला व पुढे ते लोण अनेक गावांत पसरले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. गहाणखते, रोखे, हिशेबाच्या वह्या त्यांनी जाळल्या. त्यांस सावकाराच्या प्राणापेक्षा त्याची दौत अधिक भयंकर वाटत होती. 1879 साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी सरकारास कायदा करावा लागला. इकडे वऱ्हाडात कापसाच्या बाजारातील अन्यायाला आळा घालण्यासाठी 1897 साली बाजाराचा कायदा झाला, व कारंजा येथे त्याच्याही आधी सरकारी देखरेखीचा बाजार सुरू झाला होता. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविणे, वजनात तूट धरणे, दलालाने दोन्हीकडून घेणे, हे प्रकार आपल्या आजोबांनी सोसले. मध्यप्रांतात 1933 साली कर्ज लवादाचा कायदा झाला. त्याच्यामागे पापळ गावी जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख होते, जे त्या वेळी प्रांताचे मंत्री होते. म्हणजे धनाचा अन्याय हा नशिबाचा खेळ नसून माणसांनी केलेली व माणसांनी थोडीबहुत दुरुस्त करण्याजोगी गोष्ट आहे, हे आपल्या प्रांतात पुनःपुन्हा सिद्ध झाले आहे. पूर्वजन्मीचे पुण्य म्हणून एकाकडे वाडा व पाप म्हणून दुसऱ्याकडे झोपडी, ही समजूत आपल्यातील पुष्कळांच्या मनातून बाप्तिस्म्यानंतरही गेलेली नाही. ईयोबाच्या मित्रांचे तत्त्वज्ञान फारसे निराळे नव्हते, आणि देव त्यांच्यावर रागावला.

ऋणमोचनाचे नाव निघाले म्हणजे गाडगेबाबांची आठवण येणारच. ते 1876 साली अंजनगाव सुर्जी भागातील शेंडगाव येथे परिटाच्या घरी जन्मले. मुलाचे नाव देबूजी. बाप लहानपणीच गेला, व मायलेक मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाकडे राहिले. मामाची शेती सावकाराच्या कागदांत गेली. कष्ट करणारा, पण अक्षरशत्रू मनुष्य. त्या धक्क्यातून तो उठला नाही. सावकार ताबा घ्यावयास आला तेव्हा तरुण देबूजी शेतात आडवा उभा राहिला, असे त्यांच्या चरित्रात येते. 1905 साली त्यांनी घर सोडले, अंगावर चिंध्या, हाती खराटा व गाडगे. ऋणमोचनाच्या यात्रेत ते आंधळ्यापांगळ्यांस जेवू घालीत, आणि 1908 साली तेथे पूर्णेवर घाट बांधविला. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या केल्या. पैसा कोठून आला? पुष्कळसा श्रीमंतांकडून. ज्याच्या मामास सावकाराने बुडविले त्याने श्रीमंतांचा द्वेष करीत आयुष्य काढले नाही. त्यांच्यापुढे वाकलेही नाही. त्यांचे धन घेऊन त्याने गरिबाला निजावयास छप्पर केले, आणि स्वतः भाकरीचा तुकडा गाडग्यात घेऊन उकिरड्याशेजारी बसला. देवळातील देवाविषयी त्यांनी जे सांगितले ते व आपली श्रद्धा ह्यांत अंतर आहे. परंतु धनवानाशी कसे वागावे ह्या एका बाबतीत, वऱ्हाडच्या ख्रिस्ती मंडळीने ह्या परिटाच्या मुलापाशी बसून शिकावे असे पुष्कळ आहे. 20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ ते वारले.

येथे एक गोष्ट मनात येते ती लिहून टाकतो. आपला समाज धनाची पूजा करतो तशीच त्यागाचीही करतो. भातकुली येथे आदिनाथाचे दिगंबर जैन क्षेत्र आहे. मोठमोठे व्यापारी तेथे हात जोडून येतात, व ज्याने वस्त्रही ठेविले नाही त्याच्यापुढे मस्तक टेकतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार सोडून संन्यस्त वृत्ती धरली तेव्हा, जे हिंदू बांधव पूर्वी दूर राहात तेही आदराने जवळ आले. ह्या आदरात खरेपणा आहे. पण ज्याने गरिबी निवडली तो वंद्य, आणि ज्याच्यावर ती जन्मतःच पडली तो निंद्य, हा कोणता न्याय? गाडगेबाबांच्या चिंधीला नमस्कार, व सालदाराच्या चिंधीला "बाजूला हो" असे का? चिंधी तर तीच. ज्याने कधी काही सोडले नाही, कारण सोडण्यासारखे त्याच्याजवळ काही नव्हतेच, त्याचा मान आपल्या समाजात कोणी राखीत नाही. प्रभूने त्यास धन्य म्हटले आहे.

म्हणूनच लाजराच्या दाखल्यात एक लहान गोष्ट आहे तिच्याकडे वर्गाचे लक्ष वेधावे. श्रीमंताला नाव नाही, भिकाऱ्याला आहे. प्रभूच्या सर्व दाखल्यांत नाव मिळालेला हा एकच मनुष्य. आपल्या गावात नेमके उलटे असते. मालकाचे नाव, त्याच्या बापाचे नाव, आडनाव, सर्व मुखोद्गत. आणि त्याचा सालदार म्हणजे "अमक्याचा गडी". तो मेला तरी "अमक्याचा गडी मेला" असेच सांगतात. स्वर्गाच्या वहीत नोंद कशी होते ते प्रभूने दाखविले. आणि हेही पाहावे की, श्रीमंताने लाजरास मारले नाही, हाकलले नाही, त्याची शेती घेतली असेही लिहिलेले नाही. तो दारात होता व ह्याने त्यास पाहिले नाही, एवढाच दोष. शिवाय लाजर ज्याच्या उराशी नेला गेला तो अब्राहाम स्वतः गुरांनी, रुप्याने व सोन्याने फार संपन्न होता (उत्पत्ति 13:2). तेव्हा हा दाखला श्रीमंत नरकात व गरीब स्वर्गात असा सरसकट निवाडा करीत नाही. असे शिकविणारे प्रचारक आम्हांस भेटले आहेत. ऐकणाऱ्या गरिबांस ते गोड वाटते, पण ते शास्त्र नाही.

आता दुसऱ्या जिभेचा विचार. श्रीमंताचा द्वेष करणे हे आपणांस पाप वाटतच नाही, कारण तो द्वेष न्यायाचे कपडे घालून येतो. लेवीय 19:15 मध्ये न्याय करताना थोराची भीड धरू नये असे सांगितले आहे, आणि त्याच वचनात गरिबाचीही बाजू गरीब म्हणून घेऊ नये असेही सांगितले आहे. निर्गम 23:3 मध्ये हेच पुन्हा आले आहे. मोशेच्या नियमशास्त्राइतका गरिबाचा कैवारी ग्रंथ दुसरा कोणता? तोच ग्रंथ गरिबाला खोटा न्याय देण्यास मना करतो. कोणी दुकान नीट चालविले, मुलीस शिकविले, तिला नोकरी लागली, घरावर स्लॅब पडला, की लगेच "कोठून आणले" ही कुजबुज. पुरावा विचारला तर नाही. दहा आज्ञांतील नववी व दहावी एका श्वासात मोडण्याचा हा प्रकार आहे.

उलट, खरोखर ज्याने लुबाडले त्याला शास्त्र सोडीत नाही. याकोबाच्या पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्यांची अडवून ठेविलेली मजुरी ओरडत आहे, व तो आवाज सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेला आहे. नाबोथाचा द्राक्षमळा अहाबाने घेतला तेव्हा एलीया त्याच मळ्यात जाऊन उभा राहिला. तेव्हा धनवानाविषयी ख्रिस्ती मनुष्याने विचारावयाचे ते असे: हे धन कोणाच्या घामाचे पैसे अडवून झाले काय? झाले असेल तर तोंडावर बोला. नसेल तर पाठीमागेही बोलू नका.

जक्कयाच्या घरी प्रभू गेला तेव्हा कुरकुर कोणी केली? लूक म्हणतो, सर्वांनीच. लोकांचा जक्कयावरील राग खोटा नव्हता. त्याने लुबाडले होते. पण त्या रागाने यरीहोत कोणाचाही एक पैसा परत आला नव्हता. प्रभूने त्याची खुशामत केली नाही, त्यास झाडावरून शिव्याही घातल्या नाहीत. त्यास नावाने हाक मारली व त्याच्या घरी उतरला. चौपट परत देण्याची गोष्ट त्यानंतर निघाली, आणि ती खुद्द जक्कयाच्या तोंडून निघाली. निर्गमात मेंढरू चोरून मारणाऱ्यास जो दंड सांगितला आहे तोच त्याने स्वतःस लावून घेतला. गावातील सावकाराच्या घरी, कर्ज मागावयास नव्हे, तर त्याच्याबरोबर प्रार्थना करावयास कोणी पाळक किंवा प्रचारक शेवटचा कधी गेला होता?

श्रीमंत तरुण अधिकाऱ्याच्या गोष्टीत उंट व सुईचे नाके हा दृष्टांत आहे. कच्छकडील रबारी मेंढपाळ कळपांबरोबर उंट घेऊन आपल्या शिवारांत उतरतात. मुलांस त्यांची आठवण द्यावी व हाती गोधडीची सुई द्यावी, म्हणजे व्याख्यानाची गरज उरत नाही. यरुशलेमेत 'सुईचे नाके' नावाचा बुटका दरवाजा होता व उंट गुडघे टेकून त्यातून जात असे, असे काही उपदेशक सांगतात. तशा दरवाजाचा प्रभूच्या काळचा काही पुरावा नाही. ती पुष्कळ नंतरची कल्पना आहे, आणि ती कोणाच्या सोयीची आहे हे उघड आहे. शिष्यांस दरवाजा आठवला असता तर ते इतके थक्क झाले नसते. मनुष्यांस हे अशक्य आहे, देवाला शक्य आहे, असे प्रभूने म्हटले, तेथेच थांबावे. पैसा सर्व वाइटाचे मूळ आहे असे पौल म्हणतो, हाही असाच एक चुकीचा पाठ. पौलाने तीमथ्यास लिहिले ते द्रव्याच्या लोभाविषयी, आणि लोभ करावयास खिशात पैसा असावाच लागतो असे नाही. रिकामा खिसाही लोभाने भरलेला असू शकतो. त्याच अध्यायात पुढे श्रीमंतांस सांगण्याचे निराळे आहे: अभिमानी होऊ नये, धनावर आशा ठेवू नये, परोपकारी व उदार असावे. मंडळीतून निघून जा, असे त्यांस सांगितलेले नाही. लुदिया जांभळी वस्त्रे विकणारी होती. अरिमथाईकर योसेफ धनवान होता, आणि प्रभूच्या देहाला कबर त्याच्याच मालकीची मिळाली.

अलीकडे एक नवे शिक्षण खेड्यांत फिरू लागले आहे. विश्वास धरा, अमुक इतके अर्पण पेरा, म्हणजे देव दसपट देईल, कर्ज फिटेल, मोटार येईल, असे मोठ्या मंडपात व आता मोबाईलवरही ऐकविले जाते. आमचे मत आम्ही स्पष्टच सांगतो: हे जुने पूर्वपुण्याचेच मत नवीन कोट घालून आले आहे. त्यात ज्याचे कर्ज फिटले नाही त्याचा विश्वास कमी, असे ठरते. म्हणजे सावकाराने शेत घेतले ते घेतलेच, वर मंडळीने त्याची श्रद्धाही घेतली. कर्ज काढून अर्पण देणाऱ्या एका बहिणीस आम्ही ओळखतो. ते अर्पण घेणाऱ्यास देवापुढे जाब द्यावा लागेल.

नहेम्याच्या पाचव्या अध्यायावर मात्र आम्ही वाचकांस थोडे थांबवून ठेवणार आहो, कारण त्यात आपल्याच गावाची हकिकत आहे. दुष्काळ पडला आहे. लोक म्हणतात, आम्ही शेते, मळे, घरे गहाण टाकून धान्य घेतले. दुसरे म्हणतात, राजाचा कर भरण्यासाठी कर्ज काढले. मुले व मुली दास होण्याची पाळी आली आहे, आणि शेते परक्यांच्या हाती गेल्यामुळे सोडविण्याचे सामर्थ्य नाही. कर्ज देणारे कोणी परदेशी नाहीत. ते भाऊबंदच आहेत. नहेम्या संतापतो, पण लगेच बोलत नाही. आधी मनाशी विचार करतो. मग सरदारांस एकांतात न गाठता मोठी सभा भरवितो. आणि तेथे तो जे कबूल करतो ते फार थोडे पुढारी करतील: मी व माझे भाऊ व माझे सेवक हेही पैसा व धान्य उसने देत आहो, चला, हे व्याज आपण सोडू या. शेते, मळे, घरे परत द्या, आणि शंभरावा हिस्सा जो घेता तोही परत द्या. शंभरावा हिस्सा महिन्याचा धरला तर वर्षास शेकडा बारा होतात. आपल्या भागात विनापरवाना सावकारीत शेकडा पाच रुपये महिना हा दर आम्ही स्वतः ऐकला आहे, म्हणजे वर्षास साठ. मृगात वीस हजार घेणाऱ्याने नऊ महिन्यांनी एकोणतीस हजार द्यावयाचे. नहेम्या ज्या दराने संतापला त्याच्या पाचपट दर आपण मुकाट्याने ऐकतो.

आणि येथे एक अवघड प्रश्न विचारल्याशिवाय आमच्याने राहवत नाही. असे व्याज घेणाऱ्यांत आपल्या मंडळीचा सभासद कोणी आहे काय? शिक्षकाच्या किंवा दवाखान्यातील नोकरीच्या पगारातून थोडे साठले, ते शेजाऱ्यास व्याजाने दिले, मग हळूहळू वही झाली; असे घडते. अशा भावाच्या देणगीने भिंतीला रंग लागला म्हणून पंचांनी गप्प बसावयाचे काय? नहेम्याच्या सभेत सरदारांस उत्तर सुचले नाही, ते गप्प राहिले, मग कबूल झाले. आणि नहेम्याने याजकांस बोलावून त्यांच्याकडून शपथ घेतली व आपल्या वस्त्राचा ओचा झाडला. आमेन म्हणणारे लोक पुष्कळ असतात. तेथे लिहिले आहे की लोकांनी ह्या वचनाप्रमाणे केलेही.

ह्या गोष्टी पुस्तकी नाहीत. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा ह्या सहा जिल्ह्यांत किती शेतकऱ्यांनी आपला जीव घेतला हे आपणांस ठाऊक आहे; 2006 साली देशाचे प्रधानमंत्री मनमोहन सिंग स्वतः विदर्भात येऊन शेतकऱ्यांच्या घरी बसले व 3,750 कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. 2008 साली देशभर कर्जमाफी झाली. पण ती बँकांच्या कर्जास होती. ज्याचे कागद माडीवर आहेत त्याला तिचा उपयोग नव्हता. त्यासाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 हा कायदा आहे. परवान्यावाचून सावकारी करणे हा त्याखाली गुन्हा आहे. सरकारने ठरविलेल्या दराहून अधिक व्याज घेता येत नाही. आणि सावकारीच्या व्यवहारात खरेदीखताच्या नावाखाली हडप केलेली जमीन चौकशीअंती परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास आहे. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या कचेरीतही देता येतो. प्रचारकांनी हे समजून घ्यावे, व ज्यास लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहून द्यावा. देबूजीच्या मामाला गावात एक वाचणारा मित्र असता तर, असे आमच्या मनात पुष्कळदा येते.

कर्जाच्या ओझ्याखालील भाऊ पुष्कळदा प्रथम उपासनेस येणे सोडतो. वर्गणी राहिली, पोशाख नीट नाही, समोर देणेकरी बसलेला. त्याच्या घरी जावे. वर्गणीचे पुस्तक बरोबर नेऊ नये. त्याची बायको चहा ठेवील तो प्यावा, दुधाविना असला तरी. लग्नासाठी कर्ज काढू नको असे त्यास सांगण्यापूर्वी मंडळीतील दोन सधन कुटुंबांनी आपल्या मुलांची लग्ने साध्या जेवणावर करून दाखवावीत. नाहीतर तो उपदेश वाऱ्यावर जातो. गाडगेबाबांनी ऋण काढून सण करू नका असे जन्मभर सांगितले, पण आधी आपल्या मुलीच्या बारशाला जातीची दारूमटणाची रीत स्वतः मोडली होती.

वर्गासाठी प्रश्न. प्रत्येक प्रश्नावर आधी बायांस व तरुणांस बोलू द्यावे, पंचांनी शेवटी बोलावे. आपल्या उपासनेत पुढे कोण बसतो व ते कोणी ठरविले? गावातील कोणत्या श्रीमंताविषयी आपण पुराव्यावाचून वाईट बोललो आहो? कोणत्या श्रीमंताविषयी पुरावा असूनही गप्प राहिलो? आपल्या मंडळीतील सालदारांची व मजुरांची पूर्ण नावे वर्गातील किती जणांस सांगता येतात, लिहून पाहावे. आणि मंडळीच्या अर्पणाचा हिशेब सर्वांसमोर मोठ्याने शेवटचा कधी वाचण्यात आला, व त्या दिवशी मागल्या रांगेत कोण कोण बसले होते?